नेट चालत नाही? आधी वरची पट्टी वाचा

सहा वर्षं मी एका मोबाइल कंपनीच्या मदतकेंद्रात कानाला हेडफोन लावून बसत होते. त्या सहा वर्षांत एकाही ग्राहकाचा फोन डोळ्यांनी पाहिला नाही. यायचा तो फक्त आवाज, आणि तो आवाज बहुतेक वेळा एकच सांगायचा: "मॅडम, नेट चालत नाहीये." तेवढ्यावरून घोडं कुठं पेंड खातंय ते हुडकायचं. नोकरी सुटली, फोन मात्र सुटले नाहीत. आता मावशी करते, भाचा करतो, शेजारच्या काकू तर दार वाजवून फोनच हातात ठेवतात. म्हणून मी ज्या क्रमाने विचारत जाते तो एकदाचा लिहून काढतेय. नवीन सिम घालून नेट सुरू करायचं असेल तरी हाच क्रम, आणि चालू नेट अचानक बंद पडलं असेल तरी हाच.

आम्हाला पाठ करून घेतलेलं पहिलं वाक्य होतं, "फोन एकदा बंद करून चालू करा." मला त्या वाक्याचा राग यायचा. त्याने काम होत नाही असं नाही, कितीतरी वेळा होतं. पण मग काय बिघडलं होतं ते ना त्यांना कळायचं ना मला, आणि आठवड्याभराने तोच माणूस पुन्हा रांगेत. फोन बंद करायच्या आधी निदान काय दिसतंय ते तरी बघून घ्या!

"नेट चालत नाही" या तीन शब्दांत चार वेगळी दुखणी लपलेली असतात. एक, फोन मुळात कंपनीच्या नेटवर्कवर चढलेलाच नाही. दोन, नेटवर्कवर आहे, कॉल लागतात, पण इंटरनेटचं दार उघडलेलं नाही. तीन, दार उघडलंय पण फोनला संकेतस्थळांचे पत्ते सापडत नाहीत. चार, सगळं ठीक आहे, एकच अ‍ॅप रुसलंय. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. एपीएन (त्या इंटरनेटच्या दाराचं नाव, पुढे सांगते) चुकलेल्या फोनचं सिम दहा वेळा काढून घातलं तर सिमचा ट्रे तेवढा ढिला होतो.

वायफाय बंद करा आणि वर बघा

पहिलं काम वायफाय बंद करणं. वायफाय जोडलेलं असताना बरेच फोन मोबाइल डेटाचं चिन्ह दाखवतच नाहीत, आणि तुम्ही ज्याची परीक्षा घेताय तो पडद्याआडच राहतो. उलटंही होतं: वायफायवर सगळं सुरळीत, बाहेर पडलं की नेट गायब, आणि माणूस म्हणतो "घरात चालतं, बाहेर चालत नाही". मोबाइल डेटा कित्येक दिवस बंदच असतो, पण घरातल्या वायफायमुळे कुणाला पत्ता नसतो.

आता पडद्याच्या सगळ्यात वरची बारीक पट्टी वाचा. सिग्नलच्या काड्यांवर फुली असेल किंवा "नो सर्व्हिस" असेल तर पहिलं दुखणं. काड्या भरलेल्या आहेत, कॉल लागतोय, पण बाजूला एकही अक्षर नाही, तर दुसरं: फोन नेटवर्कवर आहे, डेटाची जोडणी झालेली नाही. काड्यांशेजारी ४जी, एलटीई किंवा ५जी उमटलंय आणि तरी काही उघडत नाही, तर तिसरं. काही फोनांत दोन बारीक बाण असतात, खालचा येणाऱ्या डेटाचा, वरचा जाणाऱ्या. वरचा लुकलुकतोय आणि खालचा मेलेला, म्हणजे फोन हाका मारतोय पण ओ कुणी देत नाही.

अक्षरांविषयी थोडं. एक आजोबा मला तावातावाने सांगत होते की त्यांच्या फोनवर दोन दिवसांपासून "ई" येतोय, म्हणजे एरर आहे, आणि कंपनीने त्यांचा नंबर खराब करून ठेवलाय. त्यांना सांगितलं, तो "ई" एजचा. एज म्हणजे २जीची जरा सुधारलेली आवृत्ती, तिचा वेग चांगल्यात चांगला म्हटला तरी सेकंदाला काही शे किलोबिट. त्याच्याही खालचं "जी" म्हणजे जीपीआरएस. "एच" आणि "एच प्लस" ही ३जीची भावंडं. बऱ्याच देशांत ३जी बंद झालंय, त्यामुळे ज्या जुन्या फोनला ४जी येत नाही तो तिथे २जीवर घसरतो, जिथे २जी शिल्लक आहे तिथे. "ई" दिसत असेल तर नेट बंद नाही, संथ आहे. साधा मेसेज जाईल, फोटो रडतखडत जाईल, व्हिडिओचं नाव काढू नका. आजोबांच्या फोनमध्ये कुणीतरी बॅटरी वाचवायला "फक्त २जी" करून ठेवलं होतं.

अँड्रॉइडवर काड्यांशेजारी उद्गारचिन्ह किंवा छोटी फुली येते, तिचीही गंमत आहे. डेटा जोडला गेला की फोन गुपचूप गूगलच्या एका पत्त्यावर छोटीशी विचारणा पाठवतो आणि २०४ या क्रमांकाच्या उत्तराची वाट बघतो. २०४ म्हणजे "पोचलं, पाठवण्यासारखं काही नाही". ते उत्तर आलं नाही की फोन ठरवतो, जोडणी आहे पण इंटरनेट नाही, आणि ते चिन्ह टाकतो. पॅक संपला असेल तरी येतं, पत्ते सापडत नसतील तरी येतं. ते दिसलं तर सिमला हात लावू नका, सिमने त्याचं काम केलेलं आहे.

सिम, आणि काखेतला कळसा

सिम घालताना फोन बंद ठेवलेला बरा. आजचं नॅनो सिम जेमतेम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं. कापलेला कोपरा ट्रेच्या कापलेल्या कोपऱ्याशी जुळला पाहिजे, जोर लावायचा नाही. जुनं सिम कात्रीने कापून नॅनो करायचा उद्योग नका करू, ते जाडीलाही थोडं जास्त असतं आणि आत अडकून बसतं. सोनेरी भाग मळका असेल तर कोरड्या मऊ कापडाने पुसा.

सिमला पिन लावलेला असेल आणि आठवत नसेल तर अंदाजाने आकडे टाकू नका. तीन वेळा चुकलं की सिम कुलूपबंद होतं आणि पीयूके, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, मागतं. तो कंपनीकडून मिळतो. पीयूके दहा वेळा चुकला की ते सिम कायमचं गेलं, नवीनच घ्यावं लागतं. आठव्या-नवव्या प्रयत्नाला फोन करणारे लोक मला भेटलेत, त्यांच्याशी बोलताना माझेच हात थरथरायचे.

ई-सिमची तऱ्हा वेगळी. ते क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्ये उतरवून घ्यायचं असतं आणि उतरवायला इंटरनेट लागतं. म्हणजे इंटरनेट मिळवायला इंटरनेट. वायफाय किंवा दुसऱ्याचा हॉटस्पॉट आधी तयार ठेवा. आणि कोड दुसऱ्या कुठल्या तरी पडद्यावर किंवा कागदावर असू द्या, ज्या फोनने स्कॅन करायचा त्याच्याच पडद्यावर तो उघडून बसलेले लोक कमी नाहीत. उतरवलेलं ई-सिम "बघू काय होतंय" म्हणून पुसून टाकू नका. तोच कोड बऱ्याच कंपन्यांत दुसऱ्यांदा चालत नाही.

नवीन सिमवर कॉल सुरू झाले आणि डेटा नाही, तर थोडा वेळ द्या. कंपनीच्या यंत्रणेत कॉल आणि डेटा या वेगळ्या नोंदी असतात, दोन्ही एकाच क्षणी होतील असं नाही. मध्येच एकदा विमान मोड अर्धा मिनिट लावून काढा. त्याने फोन नेटवर्कवरून उतरतो आणि नव्याने नोंद करतो. फोन बंद-चालू करून जे मिळतं त्यातलं बरंचसं यातच मिळतं, तेही झटकन.

आता कळसा. सगळ्यात जास्त फोन मी ज्यासाठी घेतले असतील ती कारणं इतकी साधी आहेत की सांगायलाही संकोच वाटतो: मोबाइल डेटाचं बटण बंद, विमान मोड चालू, किंवा दोन सिमच्या फोनमध्ये डेटा भलत्याच सिमवर. यातलं तिसरं मुरलेल्या माणसालाही चकवतं. रिचार्ज केलाय एका सिमवर, सेटिंग्जमध्ये डेटासाठी निवडलंय दुसरं. काड्या दोन्हींच्या भरलेल्या. डेटा एका वेळी एकाच सिमवरून चालतो, म्हणून सिमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन "मोबाइल डेटा" समोर कुणाचं नाव आहे ते डोळ्यांनी वाचा. काकूंच्या फोनवर तीन वेळा तीन जणांनी "सगळं बघितलंय" म्हणून सांगितलं होतं. हे बघितलं नव्हतं.

एपीएन

इथे जरा बसून बोलू, कारण लोक इथेच जास्त घाबरतात, आणि इथेच आंधळेपणाने काहीबाही बदलून ठेवतात.

एपीएन म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट नेम. कंपनीचं स्वतःचं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये एक दार असतं, त्या दाराचं हे नाव. ही पद्धत जीपीआरएसच्या दिवसांपासूनची आणि ५जीपर्यंत टिकली (५जीमध्ये कागदोपत्री नाव बदललंय, काम तेच). एका कंपनीची अशी अनेक दारं असू शकतात: साध्या इंटरनेटचं एक, चित्रांच्या मेसेजचं म्हणजे एमएमएसचं दुसरं, एखाद्या ऑफिससाठी राखून ठेवलेलं तिसरं. फोनने कुठल्या दाराशी जायचं ते नाव सांगितल्याशिवाय कळत नाही.

बहुतेक वेळा तुम्हाला काहीच करावं लागत नाही. सिममध्ये एक मोठा क्रमांक असतो, त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, पुढचे दोन किंवा तीन कंपनीचे. फोन ते आकडे वाचतो, स्वतःजवळच्या यादीत शोधतो आणि जुळणारं नाव भरून टाकतो. हे फसतं ते ठरावीक वेळी. तुमची कंपनी लहान असेल आणि दुसऱ्या मोठ्या कंपनीचे टॉवर भाड्याने वापरत असेल, तर फोन कधीकधी मोठीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. फोन दुसऱ्या देशातून आलेला असेल तर त्याच्या यादीत तुमची कंपनीच नसते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलली आणि पूर्वी कुणी हाताने एपीएन भरला होता, तिथेही तपासून घ्या.

वाट अशी. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग सिम्स, तुमचं सिम, आणि अगदी खाली अ‍ॅक्सेस पॉइंट नेम्स. सॅमसंगवर सेटिंग्ज, कनेक्शन्स, मोबाइल नेटवर्क्स, अ‍ॅक्सेस पॉइंट नेम्स. आयफोनवर सेटिंग्ज, मोबाइल डेटा, आणि त्यात मोबाइल डेटा नेटवर्क. आयफोनवर हा शेवटचा पर्याय दिसलाच नाही तर तुमच्या कंपनीने तो बदलायची मुभा ठेवलेली नाही, शोधत बसू नका.

काहीही बदलण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. हे मी ओरडून सांगते. मग वरच्या तीन टिंबांत "रीसेट टू डिफॉल्ट" आहे ते करून बघा. फोनच्या यादीतलं मूळ नाव परत येईल, हाताने भरलेलं जाईल. विमान मोड लावून काढा. नेट आलं तर तुमचं काम झालं, पुढचा मजकूर वाचू नका.

नाही आलं तर नवीन भरायचं. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा तिच्या मदतकेंद्राकडून एपीएन घ्या, कुणाच्या तरी जुन्या व्हिडिओतून नको. नवीन जोडायला वर अधिकचं चिन्ह असतं. उघडलं की रकान्यांची लांबलचक रांग येते आणि माणूस गर्भगळित होतो. त्यातले दोनच कामाचे. "नेम" हा फक्त तुमच्यासाठीचा शिक्का आहे, तिथे स्वतःचं नाव लिहिलंत तरी चालेल. "एपीएन" हा खरा रकाना, तिथे कंपनीने दिलेलं जसंच्या तसं. प्रॉक्सी (वाटेतला मध्यस्थ सर्व्हर), पोर्ट, युजरनेम, पासवर्ड, सर्व्हर हे कंपनीने मुद्दाम दिले असतील तरच. "नॉट सेट" असं दिसतं ते "रिकामं आहे" असं सांगतंय. एका गृहस्थांनी प्रत्येक रकान्यात "नॉट सेट" ही अक्षरं टाइप केली होती, कारण मित्राच्या फोनवर तसं दिसत होतं. प्रॉक्सीच्या रकान्यातही. मग नेट कसं चालणार?

एमसीसी आणि एमएनसी या रकान्यांत ते देशाचे आणि कंपनीचे आकडे असतात, ते सिमवरून आलेले असतात. त्यांना हात लावलात तर भरलेलं सगळं यादीतून अदृश्य होतं, कारण फोनच्या मते ते दुसऱ्याच कंपनीचं झालं. "एपीएन टाइप" मध्ये साध्या इंटरनेटसाठी "डिफॉल्ट" हा शब्द असावा लागतो. एकाहून जास्त शब्द असतील तर मध्ये फक्त स्वल्पविराम, जागा नाही. "एपीएन प्रोटोकॉल" मध्ये आयपीव्ही४/आयपीव्ही६ असा जोडपर्याय असतो, कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर तो ठेवा.

भरून झालं की दोन गोष्टी राहतात, आणि लोक नेमक्या याच विसरतात. तीन टिंबांतून "सेव्ह" करणं, नुसतं मागे आलात तर काही फोन सगळं फेकून देतात. आणि यादीत परत आल्यावर नव्या नावासमोरच्या गोलात बोट टेकवून ते निवडणं. भरलेला पण न निवडलेला एपीएन म्हणजे बटव्यातली किल्ली.

मावशीचं सांगते. तिने कागदावर लिहून घेतलं, भरलं, सेव्ह केलं, गोल निवडला. नेट नाही. मी तिला एकेक अक्षर वाचायला लावलं. बरोबर. उलटं वाचायला लावलं. तरी बरोबर. अर्धा तास गेला. शेवटी म्हटलं, "त्या नावाच्या अगदी शेवटी बोट ठेव आणि पुसायचं बटण एकदाच दाब. काय गेलं?" ती म्हणाली, "काहीच नाही गं, सगळं तसंच आहे." तिथेच मला कळलं. ते "काहीच नाही" म्हणजे एक रिकामी जागा होती. तिने पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली होती, कीबोर्डने पूर्ण शब्द सुचवला, तिने तो दाबला, आणि कीबोर्डने सवयीप्रमाणे शब्दानंतर एक जागा सोडली. एपीएनमध्ये अक्षरं, आकडे, टिंब आणि आडवी रेघ एवढंच चालतं. जागा चालत नाही, आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. मावशीने सेव्ह केलं, विमान मोड लावून काढला, आणि माझ्या कानात एकदम तिच्या साठलेल्या मेसेजेसची टुणटुण सुरू झाली.

तेव्हापासून मी एपीएन सुचवलेल्या शब्दांतून घेऊ देत नाही. एकेक अक्षर, आणि शेवटी एकदा पुसायचं बटण. काही "दिसणारं" गेलं तर परत लिहा.

एक कोडंही सांगून ठेवते. कधीकधी एपीएन चुकीचा असूनही नेट चालतं. काही कंपन्या अनोळखी नाव दिसलं की ते बाजूला ठेवतात आणि तुमच्या खात्यावर ठरलेलं दार उघडतात. म्हणून "त्याच्या फोनमध्ये हेच नाव आहे आणि चालतंय" हा पुरावा धरू नका.

सेटिंग्जचा मेसेज

पूर्वी कंपनी एक मेसेज पाठवायची, तो "इन्स्टॉल" केला की सगळं आपोआप भरलं जायचं. जुन्या फोनांना ती मोठी सोय होती आणि काही फोन अजूनही असे मेसेज घेतात. पण न मागता आलेला असा मेसेज कधीही स्वीकारू नका. २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की काही नामांकित अँड्रॉइड फोनांना तिऱ्हाईत माणूसही असा मेसेज पाठवू शकतो, आणि त्यातून प्रॉक्सी बदलून तुमची वाहतूक स्वतःकडे वळवू शकतो. पडद्यावर कंपनीचाच मेसेज आल्यासारखं दिसतं. तुम्ही दोन मिनिटांपूर्वी मदतकेंद्राकडे मागितला असेल तर घ्या, एरवी पुसा.

जोडलंय, पण उघडत नाही

वर ४जी आहे, उद्गारचिन्ह आहे, पॅक शिल्लक आहे. इथे मी तीन जागा बघते.

पहिली प्रायव्हेट डीएनएस. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, तुम्ही स्वतःच्या पसंतीचा डीएनएस सर्व्हर लिहून ठेवू शकता. माझ्या भाच्याने जाहिराती बंद होतात म्हणून कुठल्याशा फुकट सर्व्हरचं नाव तिथे घातलं होतं. सहा महिने छान चाललं, मग तो सर्व्हर बंद पडला, आणि त्याच्याबरोबर याचं नेट. मोबाइलवरही नाही, वायफायवरही नाही. स्वारी सिम बदलून घ्यायला निघाली होती. दोन्हीकडे एकाच वेळी बंद म्हटल्यावर सिमचा काय संबंध? प्रायव्हेट डीएनएस "ऑटोमॅटिक" करा.

दुसरी व्हीपीएन, म्हणजे फोनची वाहतूक दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सोय. पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसतंय का बघा. कधीतरी टाकलेलं अ‍ॅप सगळी वाहतूक अडवून बसतं.

तिसरी तारीख. बॅटरी पूर्ण संपून फोन बरेच दिवस पडून राहिला की कधीकधी घड्याळ मागे जातं. सुरक्षित संकेतस्थळं आपलं प्रमाणपत्र दाखवतात, त्यावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असं असतं. फोनची तारीख त्याच्या बाहेर गेली की ब्राउझर धोका आहे म्हणून ओरडतो. तारीख-वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करा.

एकच अ‍ॅप बंद असेल तर फार खोलात जायची गरज नाही. आयफोनवर मोबाइल डेटाच्या पानावर अ‍ॅपची यादी असते आणि प्रत्येकासमोर बटण, अँड्रॉइडवर डेटा सेव्हर आणि त्या अ‍ॅपचा बॅकग्राउंड डेटा बघा.

हळू चालतंय

काड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या ते फोन बनवणारा ठरवतो. अँड्रॉइडवर अबाउट फोनमध्ये सिम स्टेटस असतं, तिथे सिग्नलची ताकद डीबीएम या मापात मिळते. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ८० उत्तम, उणे ११० म्हणजे जीव धरून आहे. हा फरक ३० डीबी, आणि दर १० डीबीला ताकद दहापट बदलते, म्हणजे उणे ११० ला पोचणारी ताकद उणे ८० च्या हजाराव्या भागाएवढी. खिडकीशी जाऊन आकडा पुन्हा बघा. आकडा चांगला आणि वेग वाईट, तर टॉवरवर गर्दी आहे किंवा तुमच्या पॅकची वेगवान डेटाची मर्यादा संपलीय. बऱ्याच पॅकमध्ये ती संपली की नेट थांबत नाही, रांगतं.

बोलताना नेट थांबत असेल तर व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, बंद आहे का बघा. ४जी मुळात फक्त डेटासाठी बांधलेलं आहे. व्होल्टी नसेल तर कॉलसाठी फोन खाली ३जी-२जीवर उतरतो, आणि २जीवर बोलणं चालू असताना डेटा थांबतो.

नेटवर्कचा प्रकार "आपोआप" वर ठेवा. "फक्त ४जी" करून वेग वाढतो म्हणणारे ज्ञानी आहेत, पण व्होल्टी चालत नसलेल्या फोनवर तसं केलंत तर कॉलच येणार नाहीत. परदेशात गेलात तर डेटा रोमिंगचं बटण वेगळं असतं, ते चालू करण्याआधी दर विचारा. ते बिल बघून रडलेली माणसं मी ऐकलीत.

शेवटचा उपाय आणि कंपनीला फोन

"रीसेट नेटवर्क सेटिंग्ज" हे बटण लोक फार हलक्या हाताने दाबतात. त्याने बऱ्याच फोनांत साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, ब्लूटूथच्या जोड्या तुटतात, हाताने भरलेला एपीएन जातो. आणि त्याच पानावर काही फोनांत "ई-सिम पुसा" अशीही चौकट असते. ती रिकामीच ठेवा.

त्याच्या आधी एक चाचणी करा, ती सगळ्यात गुणाची. तुमचं सिम दुसऱ्या चालू फोनमध्ये घाला. तिथे नेट चाललं तर दोष तुमच्या फोनचा. तिथेही नाही, तर सिमचा किंवा खात्याचा, आणि ते कंपनीशिवाय कुणालाही सुधारता येणार नाही. जमलं तर उलटंही करा, दुसऱ्याचं चालू सिम तुमच्या फोनमध्ये.

मग कंपनीला फोन लावा, शक्यतो दुसऱ्या फोनवरून, म्हणजे बोलता बोलता पडदा बघता येईल. हाताशी ठेवा: पट्टीत कोणतं अक्षर आहे, कधीपासून, पॅकची मुदत किती, एपीएनचा स्क्रीनशॉट, दुसऱ्या फोनमध्ये सिम घातल्यावर काय झालं, आणि *#०६# दाबून मिळणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ते मागतात म्हणून. पलीकडची मुलगी पाठ केलेलं वाक्य म्हणणारच, "फोन बंद करून चालू करा." तिला सांगा, "केलंय. वर ४जी आहे, उद्गारचिन्ह आहे, सिम दुसऱ्या फोनमध्येही चालत नाही." असं सांगणाऱ्या ग्राहकाचा कॉल मी थेट तांत्रिक विभागाकडे पाठवायचे. फोन ठेवण्याआधी तक्रारीचा क्रमांक घ्या.